हौशी आणि प्रोफेशनल : कॅमेरा एकच, दुकानं दोन



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘आपला ग्राहक नक्की कोण’ यावर बोललो आणि उदाहरण म्हणून मी माझंच दुकान घेतलं, कॅमेऱ्याचं. बारा मिनिटांत जेवढं मावलं तेवढं सांगितलं. एक भाग मात्र मी मुद्दाम गाळला, कारण कॅमेऱ्यासमोर बसून बोलायला जड जात होतं. तो इथे लिहितो. तुमच्यापैकी बरेच जण धंदा सुरू करायच्या तयारीत आहेत, आणि काही जण तर फोटोग्राफीचाच धंदा करणार आहेत. त्यांनी हे जरूर वाचावं.

बीबीए करून मी नाशिकला दुकान टाकलं, तेव्हा माझ्या डोक्यात एक शिडी होती. कंपन्यांच्या ब्रोशरमध्ये असते तीच. खाली शिकाऊ, मध्ये हौशी, वर प्रोफेशनल. मी शेल्फसुद्धा तसंच लावलं. खालच्या फळीवर तीस-पस्तीस हजारांचे किट, मधल्या फळीवर सत्तर-ऐंशी हजारांचे, आणि सगळ्यात वर, काचेच्या आत, दिवा लावून, फुल फ्रेम बॉडी आणि मोठ्या लेन्स. वर पाटी : ‘प्रोफेशनल’. मला वाटायचं, ग्राहक एकेक पायरी चढत वर येणार आणि मी प्रत्येक पायरीवर त्याला काहीतरी विकणार.

दोन वर्षांनी बिलबुक घेऊन बसलो तेव्हा डोकं खाजवायची वेळ आली. वरच्या फळीचा माल कोणी नेला होता? एक हाडांचे डॉक्टर, दोन सीए, एक रिटायर्ड बँक मॅनेजर, द्राक्ष बागायतदार घरातला एक जण. यातल्या एकाचंही पोट कॅमेऱ्यावर नाही. आणि ज्यांचं आहे, म्हणजे लग्नाच्या ऑर्डरी करणारे स्टुडिओवाले? ते माझ्या सेकंड हँडच्या कपाटासमोर उभे असायचे. किंवा बॅटरी, कार्ड, फ्लॅश एवढंच घेऊन जायचे. त्यातल्या एका दादांची बॉडी सहा वर्षं जुनी होती, ग्रिपचं रबर सुटलेलं, त्यावर काळी चिकटपट्टी. सीझनला चाळीस लग्नं त्याच बॉडीवर.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं, आणि आजचा मुद्दा तोच आहे. हौशी आणि प्रोफेशनल या एका शिडीच्या दोन पायऱ्या नाहीतच. ती दोन वेगळी दुकानं आहेत, फक्त शटर एक आहे. ज्याचं घर कॅमेऱ्यावर चालत नाही तो हौशी, ज्याचं चालतं तो प्रोफेशनल, एवढाच फरक. कौशल्याचा यात काही संबंध नाही. माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरसाहेबांचे पक्ष्यांचे फोटो बघितले तर भले भले तोंडात बोट घालतील.

आता काउंटरवर हे दोघं कसे वेगळे असतात ते बघा.

हौशी माणूस येतो तो आधीच वाचून, बघून येतो. यूट्यूबवरचे दहा रिव्ह्यू त्याला पाठ असतात. त्याला बोलायचं असतं. डॉक्टरसाहेबांनी पहिली मोठी टेलिफोटो लेन्स घेतली तेव्हा किमतीवर पाच मिनिटं बोलले असतील, पण पंखांचे बारीक तंतू दिसतील का यावर दीड तास. चहा दोनदा मागवला. त्या दिवशी मला वाटलं, वेळ फुकट चालला. आज कळतं की तो दीड तास हाच माल होता, लेन्स त्याच्यासोबत गेली. हौशी माणूस आपला रविवार विकत घेत असतो.

प्रोफेशनल दहा मिनिटं थांबतो. मोबाईल सतत वाजत असतो. त्याचे प्रश्न ठरलेले. माझ्या जुन्या बॅटऱ्या चालतील का? माझ्या लेन्स लागतील का? बंद पडला तर दुरुस्तीला किती दिवस? आणि कार्ड किती लागतात?

हा शेवटचा प्रश्न मी आयुष्यभर विसरणार नाही. सुरुवातीला एका लग्नाच्या फोटोग्राफरसमोर मी पंचेचाळीस मेगापिक्सेलची पोपटपंची करत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “भाऊ, मी एका लग्नात साडेतीन हजार फोटो काढतो. तुझ्या या कॅमेऱ्याची एकेक रॉ फाइल पंचेचाळीस-पन्नास एमबीची. म्हणजे एका लग्नाचे दीडशे जीबीच्या वर. हार्ड डिस्क तू देणार का? कॉम्प्युटर तू बदलून देणार का? ते सोड, यात कार्ड एक लागतं की दोन?” मला उत्तर माहीत नव्हतं. शोरूमचा मालक मी, आणि मला माहीत नव्हतं!

दोन कार्ड म्हणजे काय, तर प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन ठिकाणी लिहिला जातो. एक कार्ड गेलं तरी दुसरं खिशात आहे. फिरायला गेलेल्या माणसाचं कार्ड गेलं तर तो हळहळेल आणि पुढच्या सुट्टीत परत जाईल. मंगलाष्टकं परत म्हणता येत नाहीत. अंतरपाट परत धरता येत नाही. लग्नाचं कार्ड गेलं की फोटोग्राफरची त्या गावातली पुढची सगळी लग्नं गेली.

ही गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांच्याही हातून सुटते. ऑगस्ट २०१८ मध्ये निकॉनने झेड ६ आणि झेड ७ हे फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे आणले. बॉडी मजबूत, फोटो उत्तम, पण कार्डाला जागा एकच. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या ईओएस आर मध्येही एकच. आणि त्याच वर्षी सोनीचा ए ७ थ्री बाजारात होता, चोवीस मेगापिक्सेलचाच, पण दोन कार्डांचा. लग्नवाले कुठे वळले असतील? हौशी लोकांना त्या एका जागेचं फारसं काही वाटलं नाही, लग्नवाल्यांनी मात्र जगभर बोंब मारली. २०२० मध्ये निकॉनने झेड ६ टू आणि झेड ७ टू आणले, त्यात कार्डाच्या जागा दोन केल्या. कॅननच्या आर ६ मध्येही दोन आल्या. ग्राहक कोण हे ओळखायला चुकलं की एवढीशी फट सुद्धा किती महागात पडते बघा.

किमतीचं गणितही दोघांचं वेगळं. डिजिटल कॅमेऱ्यावर आधी २८ टक्के जीएसटी होता, १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. मी दुकानावर मोठा बॅनर लावला. हौशी ग्राहक आले, खूश झाले, कारण त्यांच्या खिशातून जाणारा पैसा खरोखर कमी झाला. पण ज्यांची जीएसटी नोंदणी होती ते स्टुडिओवाले बॅनरकडे बघून नुसते हसले. कारण ते कर भरतात आणि इनपुट क्रेडिट घेतात. १,१८,००० चं बिल त्यांच्या हिशोबात १,००,००० चंच असतं. त्यांना सूट नको होती, त्यांना पक्कं बिल हवं होतं, त्यावर त्यांचा जीएसटी नंबर अचूक हवा होता, आणि तो मी एकदा चुकवला तेव्हा ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्थात वीस लाखांच्या आत उलाढाल असलेले छोटे फोटोग्राफर बरेचदा नोंदणी करत नाहीत. ते या बाबतीत हौशी माणसाच्याच रांगेत. म्हणून आधी विचारायचं, “बिल जीएसटी नंबरवर करायचं का?” या एका प्रश्नात समोरचा माणूस कोण ते निम्मं कळतं.

वेळही वेगळी. हौशी माणूस दसरा-दिवाळीला बोनसवर घेतो, किंवा मोठ्या सहलीआधी. प्रोफेशनल घेतो तो तुळशीच्या लग्नाआधी, कारण त्यानंतर मुहूर्त सुरू. चातुर्मासात त्याच्या हातात पैसा कमी आणि वेळ जास्त, म्हणजे सर्व्हिसिंगची हीच वेळ. मी आता आषाढ-श्रावणात स्टुडिओवाल्यांना विक्रीचा एकही मेसेज पाठवत नाही. सेन्सर क्लीनिंगचा पाठवतो. खंडेनवमीला ते कॅमेऱ्याची पूजा करतात, तेव्हा कॅमेरा स्वच्छ हवाच असतो! त्या वेळी दुकानात आलेला माणूस तुळशीच्या लग्नाआधी कुठे जाईल हे मला वेगळं सांगायला नको.

मोठ्या कंपन्या हे पूर्वीपासून जाणतात, असंही म्हणता येईल. कॅननने १९९३ मध्ये एक हलका, स्वस्त फिल्म कॅमेरा काढला. जपानमध्ये त्याचं नाव ‘किस’ ठेवलं आणि लहान मुलांच्या आयांना डोळ्यांसमोर ठेवून विकला. युरोपात त्याचं नाव नुसतं ईओएस ५००. अमेरिकेत त्याच घराण्याला ‘रिबेल’ म्हणजे बंडखोर नाव दिलं. रिबेलच्या जाहिरातीत टेनिसपटू आंद्रे आगासी लांब केस उडवत होता. आई आणि बंडखोर! माल तोच. आपल्याकडे जो १५००डी म्हणून आला, तो अमेरिकेत रिबेल टी ७ होता आणि जपानात किस. दुसरीकडे, प्रोफेशनल लोकांसाठी कॅनन आणि निकॉन यांचे वेगळे सर्व्हिस कार्यक्रम आहेत. ऑलिम्पिकसारख्या ठिकाणी ते टेबल टाकून बसतात, बिघडलेला कॅमेरा तिथल्या तिथे बघतात, तात्पुरता दुसरा वापरायला देतात. तिथे ना आई ना बंडखोर. तिथे फक्त ‘तुमचं काम थांबणार नाही’.

आपण छोटे दुकानदार कंपन्यांचं काय उचलतो, तर आगासीचे केस. टेबल कोणी उचलत नाही.

मी उचललं, पण उशिरा. दुकानात दोन बॉडी, दोन लेन्स फक्त भाड्यासाठी बाजूला ठेवल्या. ज्या स्टुडिओवाल्याने माझ्याकडून कॅमेरा घेतला, त्याचा ऐन सीझनमध्ये बिघडला तर दुरुस्ती होईपर्यंत निम्म्या भाड्यात दुसरा. बास, एवढंच. ऑनलाइनवाला माझ्यापेक्षा चार हजारांनी स्वस्त देतो, आणि मी त्याच्याशी भांडत बसत नाही. पण लग्नाच्या आदल्या रात्री साडेदहाला तो शटर उघडत नाही, मी उघडतो. दोन वेळा उघडलंय. त्या दोन रात्रींची माहिती नाशिकच्या सगळ्या स्टुडिओवाल्यांपर्यंत मी न सांगता पोचली.

हौशी ग्राहकांसाठी रविवारी सकाळी नांदूरमध्यमेश्वरला जायला लागलो, थंडीत, दहा-बारा जण, स्वतःच्या गाड्यांनी. पैसे घेत नाही, नाश्ता ज्याचा त्याने. तिथे कोणाला काही विकायचं नाही हा मी स्वतःला घातलेला नियम. विकायची गरजच पडत नाही. शेजारच्याच्या लेन्समधून जांभळी पाणकोंबडी एकदा बघितली की मंगळवारी माणूस दुकानात हजर. आणि उलटंही होतं, तेही सांगतो. एका काकांना मी युरोप टूरआधी भलामोठा सेट गळ्यात मारला होता. टूरवरून आले ते मान धरून. सगळे फोटो मोबाईलवर काढलेले. सेट कपाटात गेला, आणि काकाही परत आले नाहीत. त्यांना हलका कॅमेरा आणि एक छोटी ५० एमएम दिली असती तर काका आज रविवारी माझ्या गाडीत असते.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? कॅमेरा मांडून ठेवा, ज्याला हवा तो घेईल. नाही हो, ते दिवस गेले. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०२० मध्ये हा आकडा ९० लाखांच्याही खाली आला. कोविडने भर घातली, पण घसरण त्याच्या किती तरी आधीपासूनची. ज्यांना फक्त वाढदिवसाचे फोटो काढायचे होते ते सगळे मोबाईलकडे गेले, आणि बरोबर केलं त्यांनी. आता दुकानात येतो तो एक तर वेडा आहे, नाही तर पोटासाठी आलाय. ‘सर्वांसाठी’ असलेला ग्राहक उरलेलाच नाही.

आता व्हिडिओत गाळलेला भाग.

हे दोघं सोडून एक तिसरा ग्राहक असतो. वय वीस-बावीस. हौस आहे, आणि त्याच हौशीवर पोट भरायचंय. इन्स्टाग्रामवर प्री-वेडिंगचे व्हिडिओ बघितलेत. गंगापूर धरणावर मित्राचे फोटो काढलेत, चांगले काढलेत. कॅमेरा विकणाऱ्यासाठी याच्याइतका सोपा ग्राहक दुसरा नाही. कारण त्याला तुम्ही हौशीची स्वप्नंही विकू शकता आणि प्रोफेशनलचं गणितही. “ही गुंतवणूक आहे रे, दोन लग्नांत निघेल.” हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन!

सिन्नरकडचा एक मुलगा होता. वडील शेती करतात. कांद्याचे पैसे आले होते. तो सत्तर हजारांचं बजेट घेऊन आला आणि माझी नजर वरच्या फळीकडे गेली. मी त्याला सांगितलं, क्लायंट आधी कॅमेरा बघतो, छोटा कॅमेरा घेऊन गेलास तर कोणी विचारणार नाही. एक लाख नव्वद हजारांचा सेट. चाळीस हजार रोख, बाकीचे बारा महिन्यांच्या ईएमआयवर, महिन्याला साडेबारा हजार. वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी मला एकच विचारलं, “चालंल ना साहेब पोरगं?” मी म्हणालो, “पळेल काका.”

त्या मुलाकडे एकही ऑर्डर नव्हती. मी विचारलंच नव्हतं. फ्लॅश नव्हता, दुसरी बॉडी नव्हती, अल्बम डिझाइन कोणाकडून करायचं हे माहीत नव्हतं. एका स्टुडिओवाल्याबरोबर दिवसाला अडीच हजारांवर जायला लागला, पण सीझन संपला आणि चातुर्मास लागला. ईएमआयला चातुर्मास नसतो. दहाव्या महिन्यात तो सेट परत घेऊन आला. सेकंड हँडच्या भावाने मी त्याला एक लाख पाच हजार दिले. बाजारभाव तोच होता, मी एक रुपया मारला नाही. पण हिशोब करा : एकाच सेटवर मी विकताना कमावलं, परत घेऊन विकलं तेव्हाही कमावलं. कागदावर तो माझा त्या वर्षातला सगळ्यात चांगला व्यवहार होता. त्या दिवशी वडील सोबत आले नव्हते.

मला इथे स्वतःला फार बदडून घ्यायचं नाही. पण धंदा शिकवणारा माणूस म्हणून एवढं तरी सांगितलंच पाहिजे की चूक ‘महाग माल विकला’ ही नव्हती. डॉक्टरसाहेबांना मी त्याहून महाग विकलाय आणि मला छान झोप लागते. चूक ही की मी प्रोफेशनलच्या गणितात बसवून हौस विकली. हौशी माणसाला परतफेड लागत नाही. प्रोफेशनलकडे परतफेडीची सोय आधीच असते. या मुलाकडे दोन्ही नव्हतं, आणि ते फक्त मलाच दिसत होतं. त्याला नाही, वडिलांना नाही.

आता माझ्याकडे असा कोणी आला की पहिला प्रश्न : “पहिली ऑर्डर कधीची आहे?” तारीख सांगितली, तर बसून कामाचं बोलतो. तारीख नसेल तर भाड्याच्या कपाटाकडे नेतो. दिवसाला दोन हजारांत बॉडी, लेन्स, फ्लॅश. पाच कामं भाड्यावर कर, पैसे मिळाले तर ये, त्यातलं निम्मं भाडं मी किमतीतून वजा करतो. आणि ‘प्रोफेशनल’ची पाटी काढली. त्या जागी आता ‘पक्षी आणि प्राणी’ लिहिलंय. शेजारी ‘लग्न आणि समारंभ’, त्याच्या शेजारी ‘प्रवास’. एकाच बॉडीचे दोन नग दोन वेगळ्या फळ्यांवर आहेत, एक लांब लेन्ससोबत, एक दोन कार्ड आणि फ्लॅशसोबत.

यावर माझा भाऊच मला म्हणतो, तू नाही विकलास तर पुढच्या चौकातला विकेल. बरोबर आहे. विकतोच. एका मुलाला मी असंच भाड्यावर घे म्हणून सांगितलं, त्याला राग आला, तो बाहेर जाऊन ईएमआयवर घेऊन आला. आज त्याच्याकडे चार जणांची टीम आहे, दोन ड्रोन आहेत, आणि माझ्या दुकानावरून जातो तेव्हा बघतही नाही. म्हणजे माझा अंदाज त्याच्या बाबतीत साफ चुकला, आणि एक मोठा ग्राहक कायमचा गेला. तरीही मी तो प्रश्न विचारणं थांबवलेलं नाही. ज्याला राग येतो तो दुसरीकडे जाऊ शकतो. ज्याचा बाप बाकावर बसलाय त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो.

तुम्ही कॅमेरे विकणार नाही, कदाचित शिलाई मशीन विकाल, केक बनवायचे ओव्हन विकाल, जिमचं सामान विकाल. तिथेही हौशी आहे, पोटासाठी घेणारा आहे, आणि मधला तो तिसरा आहेच. केकचा ओव्हन घ्यायला आलेल्या ताईंना एकदा विचारून बघा, पहिल्या दहा केकची ऑर्डर कोणाची आहे.

भाड्याच्या धंद्यात डिपॉझिट किती घ्यायचं, ओळखपत्र कोणतं ठेवायचं, लेन्स पडली तर पैसे कोणी द्यायचे, हे पुढच्या व्हिडिओत. त्यातही मी एकदा चांगलाच फसलोय, आणि यावेळी काहीही गाळणार नाही.